गिऱ्हाईक कुणाच्या नावावर?

सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या घरकुलात राहणाऱ्या एका बाईंकडून आम्ही कितीतरी वर्षं शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतो. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणतो. सकाळी विड्या वळायच्या, दुपारी त्या कारखान्यात देऊन यायचं आणि मग उखळ घेऊन बसायचं, असा त्यांचा दिवस. मिक्सरला त्या चटणी लावत नाहीत. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचं कूट होतं, असं त्यांचं म्हणणं. मुसळाचे घाव बसत गेले की दाण्याला तेल सुटतं, लसूण आणि तिखट त्या तेलात मुरतं आणि चटणी बोटांना चिकटायला लागते. ती तशी चिकटेपर्यंत अक्का थांबत नाहीत.

दोन वर्षं अक्कांची बहुतेक चटणी पुण्याला जात होती. तिथल्या एकानं सोलापुरी पदार्थांचा व्हॉट्सॲप गट चालवला होता, शेकडो लोकांचा. दर सोमवारी त्याचा मेसेज यायचा, इतकी चटणी, इतक्या भाकरी. गुरुवारी पार्सल निघायचं. भाकरी वाटेत फुटली तर तिचे पैसे कापले जायचे. अक्कांना त्याचं नवल वाटलं नाही, कारण कारखान्यात विड्यांची छाट काढतात आणि त्या विड्यांची मजुरी मिळत नाही, हे त्या लहानपणापासून बघत आल्या आहेत. एका सोमवारी मेसेज आला की पुढच्या आठवड्यापासून माल नको. किलोमागे थोड्या कमी भावात देणारं दुसरं कुणीतरी त्याला मिळालं होतं.

"दोन वर्षं माझ्या हातची चटणी खाल्ली त्या लोकांनी," अक्का म्हणाल्या, "त्यातल्या एकाचंबी नाव मला ठाऊक नाही. अन् माझं त्यांना नाही."

इंटरनेटमुळे सोलापूरच्या धंद्यात काय बदललं याचा विचार करताना मला प्रत्येक वेळी हे वाक्य आठवतं. छोट्या माणसाला मोबाइलनं बाजार दिला, असं आपण सगळीकडे ऐकतो. त्यात तथ्य आहे आणि त्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. पण समाजमाध्यमांवरच्या धंद्यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गोळा झालेली माणसं. ती एकमेकांना सांगतात, शिफारस करतात, तक्रार करतात, परत येतात. हे भांडवलच आहे. सूत, माग, जागा यांच्याइतकंच खरं. आणि हे भांडवल कुणाच्या नावावर चढतं आहे, हा प्रश्न सोलापूरसारख्या हातानं काम करणाऱ्या गावानं वेळेत विचारला पाहिजे. आज ते बनवणाऱ्याच्या नावावर चढत नाही, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी गाव कसं चालायचं ते बघू. १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली आणि गिरणीच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ लागलं. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि पूर्व भागातल्या घराघरांतले, गल्लीबोळांतले माग गावाचा आधार झाले. तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज, कन्नड बोलणारे, मराठी आणि उर्दू बोलणारे, सगळ्यांच्या हातांनी चादर आणि टॉवेल हे सोलापूरचं नाव झालं. पण विणणारा इथे आणि घेणारा कुठेतरी लांब, अशीच त्या धंद्याची रचना होती. कारखानदार नमुन्यांची बॅग घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जायचा, पेढीवर बसायचा, भाव ठरायचा, माल जायचा आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी यायचे. मध्ये दलाल. दलालाला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे, मला ती पटत नाही. कुठली पार्टी बुडवी आहे हे त्याला माहीत असायचं, अडचणीत तो सुताचे पैसेही पुढे करायचा. मात्र गिऱ्हाइकांची वही तो कधी कुणाला दाखवायचा नाही. त्याची सगळी कमाई त्या वहीत होती.

मोबाइल आला आणि ती वही उघडली. २०१६ साली इंटरनेट एकदम स्वस्त झालं, त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, २०१८ च्या जानेवारीत व्यापाऱ्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप आलं. मग टाळेबंदीत, लग्नसराईचा माल गोदामात पडून असताना, ज्यांनी कधी मोबाइलवर विकलं नव्हतं त्यांच्या घरातली पोरं चादरींचे फोटो टाकायला लागली.

माझ्या ओळखीच्या एका कारखानदारांच्या शेडमध्ये मी हे जवळून पाहिलं आहे. शेडमध्ये बारा माग. आत पाऊल टाकलं की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, भोकं पाडलेले पत्ते वरून साखळीसारखे सरकत असतात, धोटा इकडून तिकडे जातो आणि पुढच्या बाजूनं मोराची चादर बोटाबोटानं बाहेर येते. मालकांच्या मुलानं मागाजवळ मोबाइल धरला आणि मिनिटभराचा व्हिडिओ केला. गाणं लावलं नाही, मागाचाच आवाज ठेवला. तो व्हिडिओ बघून साताऱ्याच्या एका बाईंनी विचारलं, "रंग जातो का हो?" मुलानं उत्तर लिहिलं नाही. घरातली दहा वर्षं वापरलेली चादर बादलीत भिजवली, पिळली, पाणी दाखवलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला. त्या दुसऱ्या व्हिडिओवर जास्त लोक आले.

एवढंच झालं असतं तर त्याला मी नवी जाहिरात म्हटलं असतं. पण पुढे जे झालं ते धंद्याच्या मुळाशी जाणारं होतं. लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं, चादर छान आहे पण वन रूम किचनमध्ये वाळत घालायला जड पडते, हलकी करा. कुणी म्हणालं, आजोबांसाठी हवी, त्यांना लांबी कमी लागते. कुणी मोराऐवजी साधे पट्टे मागितले, रंग फिका मागितला. तीस वर्षांत मुंबईच्या पेढीवरून असा एकही निरोप आला नव्हता, असं मालक मला म्हणाले. पेढीवरून एकच प्रश्न यायचा, भाव किती कमी करता?

ज्यांना मागाचं काम माहीत आहे त्यांना याचं मोल लगेच कळेल. जॅकार्डवर नवी नक्षी आणायची म्हणजे आधी ती ग्राफवर काढायची, मग पत्त्यांना भोकं पाडून पत्त्यांचा पूर्ण संच ओवायचा, मग माग थांबवून तो चढवायचा. नक्षी चालली नाही तर सगळा खर्च डोक्यावर. म्हणून छोटा कारखानदार वर्षानुवर्षं तोच मोर आणि तेच फूल विणत राहतो. त्यात त्याचा आळस नसतो, धास्ती असते. आता त्या मुलानं काय केलं, तर कागदावरच्या तीन नक्ष्या गटात टाकल्या आणि विचारलं, कुठली घ्याल? एका नक्षीला साठ जणांनी होकार दिला, त्यांतल्या निम्म्यांनी आगाऊ पैसे भरले. पत्ते त्यानंतर पाडले. गिऱ्हाइकांनी मिळून कारखानदाराची जोखीम उचलली. कुठल्याही बँकेनं त्याच्यासाठी जे केलं नसतं ते त्या साठ माणसांनी केलं. समाजमाध्यमांनी धंदा बदलला म्हणजे नेमकं काय, असं मला कुणी विचारलं तर मी या साठ माणसांकडे बोट दाखवेन.

शेतीतही हेच चाललं आहे आणि तिथे ते विकण्यापेक्षा शिकण्याच्या अंगानं जास्त झालं आहे. सांगोला-पंढरपूर पट्ट्यातले डाळिंबवाले गटात पानांचे फोटो टाकतात, डाग तेल्या रोगाचा आहे की दुसरा कसला, यावर रात्री अकरा वाजता चर्चा होते. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच, केगावला आहे, पण प्रत्येक झाडापाशी शास्त्रज्ञ पोहोचू शकत नाही. शेजारच्या गावात तशीच बाग सांभाळलेला माणूस पोहोचतो. या गटांमध्ये औषधविक्रेते शिरून आपलाच माल खपवतात हेही खरं. तरी अनुभवी शेतकरी त्यांना तिथेच, सगळ्यांसमोर अडवतात, आणि अशी अडवणूक दुकानाच्या काउंटरवर एकट्यादुकट्याला जमत नाही.

कांद्याचा चेक सगळ्यांना आठवत असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई कापून हातात पडले दोन रुपये एकोणपन्नास पैसे, आणि त्यासाठी दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. अशा पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या घरी नेल्या, चुलीत घातल्या. या वेळी पट्टीचा आणि चेकचा फोटो हातोहात गेला आणि देशभर पोहोचला. पुढे सरकारनं कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं. ते एका फोटोमुळे झालं असं मी म्हणणार नाही, भाव राज्यभर पडले होते आणि आंदोलनंही चालू होती. पण एका माणसाची पट्टी सगळ्यांची झाली ती त्या फोटोनं. एकट्याचं दुःख चावडीवर आणायची ताकद या माध्यमात आहे आणि ती मी मनापासून मानतो.

मग माझी तक्रार काय आहे?

ती ही, की वही दलालाच्या हातून सुटली, पण विणणाऱ्याच्या हाती आली नाही. ती गटाच्या ॲडमिनच्या मोबाइलमध्ये गेली, आणि ॲडमिनचा मोबाइल ज्या कंपनीच्या मेहेरबानीवर चालतो तिच्या यंत्रांमध्ये गेली. अक्कांचं जे झालं ते अपवादानं झालेलं नाही. मला तशी निदान सात-आठ माणसं माहीत आहेत. एकीनं वॉल हँगिंगची चित्रं हातमागावर विणून दिली. एका कलावस्तूंच्या पेजनं ती "आमचे कारागीर" म्हणून विकली, फोटोत तिचे हात आहेत, नाव नाही. एकानं टॉवेल दिले, त्यावर दुसऱ्याचं लेबल लागलं. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडचा एक शेतकरी पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना मळ्यात बसवून मालदांडी ज्वारीचा हुरडा खिलवतो, पण बुकिंग घेणारा तिसराच, आणि पाहुण्यांचे नंबर त्या तिसऱ्याकडे.

पूर्वीचा दलाल वही झाकून ठेवायचा, पण तो गावातलाच असायचा. त्याला रस्त्यात गाठता यायचं, त्याच्या घरच्या लग्नाला जायला लागायचं, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजामागून चालताना तो शेजारी असायचा. त्याला फार वाकडं वागता यायचं नाही. आजचा ॲडमिन अडीचशे किलोमीटरवर आहे आणि त्याला अक्कांचा चेहराही माहीत नाही. माल नको म्हणायला त्याला एक ओळ पुरते.

त्याच्याही वरचा मालक तर कुणालाच दिसत नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. बंदीची कारणं राष्ट्रीय होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी जमवलेली लाखो माणसं त्या एका रात्रीत नाहीशी झाली आणि ती परत मागायला कुठे खिडकीच नव्हती. हल्ली कुणाचं खातं अचानक बंद होतं, कुणाच्या व्हिडिओकडे माणसं येईनाशी होतात. कारण विचारलं तर यंत्रानं लिहिलेलं उत्तर येतं. ज्या जागेचं भाडं ठरलेलं नाही आणि जी कधीही रिकामी करायला सांगतील, अशा जागेत आपण माग बसवतो का? मग चार-पाच वर्षांच्या मेहनतीनं जोडलेली गिऱ्हाइकं अशा जागेत का ठेवतो?

माझ्या एका भाच्याशी या विषयावर माझं नेहमी वाजतं. तो रेडिमेडच्या धंद्यात आहे, शाळेचे गणवेश शिवून घेतो आणि इन्स्टाग्रामवर खपवतो. तो म्हणतो, "मामा, ॲडमिन रात्री बारापर्यंत मेसेजना उत्तरं देतो, पार्सल परत आलं तर सोसतो, लोकांच्या शिव्या खातो. माल बनवणं म्हणजेच काम, अन् माणसं जोडणं म्हणजे काम नाही, असं कोण म्हणतं?" त्याचं म्हणणं रास्त आहे. माणसं जोडणं हे कौशल्य आहे आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, चांगला मिळाला पाहिजे. पण मोबदला वेगळा आणि मालकी वेगळी. मुनिमाला पगार देतात, दुकान त्याच्या नावावर करून देत नाहीत. ज्या चवीमुळे, ज्या विणीमुळे माणसं जमली, तिच्या मालकिणीला त्या माणसांपर्यंत जायचा रस्ता उरला पाहिजे, एवढंच मी म्हणतो.

आणि मागावरच्या कामगाराचं काय? त्या मोराच्या व्हिडिओत जे हात दिसतात ते मालकाचे नाहीत. तुटलेला तार शोधून क्षणात गाठ मारणारे ते हात नगावर मजुरी घेतात. चादर पेढीवर विकली तरी तीच मजुरी, थेट गिऱ्हाइकाला दीडपट भावात विकली तरी तीच. थेट विक्रीत जे वाढलं त्यातला वाटा मागापर्यंत उतरला नाही तर बाजार कितीही नवा होऊ दे, पूर्व भागातली खोली तीच राहणार. कामगारांनीही आपले गट केले आहेत, पण त्यांवर बहुतेक सण-वाढदिवसांच्या शुभेच्छा असतात. कुठल्या शेडमध्ये कुठल्या नगाला काय मजुरी आहे, एवढं जरी त्या गटांवर मोकळेपणानं लिहिलं गेलं, तरी बोलणीत कामगाराची बाजू भक्कम होईल. डाळिंबवाले रोजचा बाजारभाव एकमेकांना सांगतात. मागवाल्यांनी मजुरी का सांगू नये?

आता उपायाकडे येतो. तो मला कायद्यातच एका जागी सापडला.

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. या मानांकनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ट्रेडमार्क विकता येतो, भाड्यानं देता येतो. मानांकन कुणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, नावावर करून देता येत नाही. ते त्या भागातल्या उत्पादकांचं सामाईक असतं आणि ज्याला ते वापरायचं त्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायची असते. म्हणजे "सोलापुरी" या शब्दाभोवती जमलेला विश्वास एकट्याचा नाही, हे कायद्यानं मान्य केलेलं आहे. तरीही आज मोबाइलवर "सोलापुरी चादर" असं शोधलं तर सोलापूर कधी न पाहिलेल्या, पातळ, मिश्र धाग्याच्या, नक्षी विणण्याऐवजी छापलेल्या चादरी आधी दिसतात. इथले कारखानदार याबद्दल हळहळतात आणि मग आपापल्या पेजवर आपापला फोटो टाकतात. प्रत्येकाचं पेज वेगळं, प्रत्येकाचे दोन-तीन हजार लोक, आणि शेजारच्याहून दहा रुपये कमी भाव लावायची चढाओढ.

माझं म्हणणं आहे की उत्पादकांच्या संघांनी मिळून एक सामाईक जागा उभी करावी, स्वतःच्या मालकीची साधी वेबसाइट आणि तिला जोडलेला गिऱ्हाइकांचा गट. प्रत्येक चादरीवर क्रमांक असावा. तो टाकला की ती कुठल्या शेडमध्ये, कुणाच्या मागावर विणली हे दिसावं, कामगाराच्या नावासकट. ज्यानं घेतली त्यानं तिथेच चांगलं-वाईट लिहावं. खोटी चादर पकडायला यापेक्षा चांगला पहारेकरी मिळणार नाही, कारण खरी चादर वीस वर्षं पांघरलेली माणसं घरोघरी आहेत आणि त्यांना विचारलं तर ती आनंदानं सांगतील की उलट्या बाजूनं नक्षी कशी दिसते, पहिल्या धुण्यानंतर हाताला कशी लागते. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सोडा असं मी म्हणत नाही. तिथे माणसं भेटतात, तिथे जायलाच हवं. पण भेटलेल्या माणसाचं नाव-गाव आपल्या वहीत उतरवून घ्यायचं आणि ती वही घरी ठेवायची.

यावर गावात हमखास मिळणारं उत्तर मला माहीत आहे: सोलापुरात चार जण एकत्र येत नाहीत. हे उत्तर मला मान्य नाही. ज्या घरकुलात अक्का राहतात ती दहा हजार घरं विडी कामगार बायकांनी सहकारी संस्था करून, वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवली, २००६ साली. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं त्याच कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी रे नगरची तीस हजार घरं ठरली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांचं वाटप झालं. ज्या बायकांनी दहा हजार घरांच्या चाव्या मिळवल्या त्यांना हजार गिऱ्हाइकांची एक यादी सांभाळता येणार नाही, असं कुणी म्हणावं? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण असते म्हणूनच ते नाव कुणाला उचलून नेता आलं नाही.

सरकारकडूनही एक अडचण दूर व्हायला हवी आणि ती सोलापूरला इतरांपेक्षा जास्त जाचते. खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या माणसासाठी अन्नसुरक्षेची मूळ नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते, ते ठीक आहे. पण जीएसटीचं बघा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे विक्रेते ऑनलाइन बाजारांवरूनही विकू शकतात, मात्र राज्याच्या आतच. करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा म्हटलं की, काही हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर, पहिल्या रुपयापासून नोंदणी, विवरणपत्रं, सीएची फी. आता नकाशा उघडा. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर, कलबुर्गी सव्वाशेच्या आत, पुणं अडीचशे. आमची सोयरीक विजापूर-कलबुर्गी-हैदराबादेत, आमची भाषा तिथली, आमच्या जेवणाची चव तिथे ओळखीची. नागपूरला चटणी पाठवली तर कायद्याला चालते, पण विजापूरच्या मावशीच्या शेजारणीनं मागितली तर चटणी विकणारी बाई अडचणीत. मोबाइलवर सीमा पुसल्या गेल्या म्हणतात, सोलापूरच्या छोट्या विक्रेत्यासाठी ती हत्तूरच्या पुढे काही कोसांवर तशीच उभी आहे. राज्याबाहेरच्या छोट्या विक्रीलाही वर्षाला ठरावीक रकमेपर्यंत मुभा मिळावी, ही मागणी इथल्या व्यापारी संघटनांनी आणि तिन्ही बाजूंच्या खासदारांनी मिळून लावून धरली पाहिजे.

अक्कांचं पुढे काय झालं ते सांगतो. ॲडमिननं माल बंद केल्यावर महिनाभर त्या नुसत्या विड्याच वळत होत्या. मग त्यांच्या मुलीनं पुढच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायला सुरुवात केली. चिठ्ठीवर अक्कांचं नाव, गाव आणि नंबर. पहिले डबे ओळखीतल्या तीस घरांत गेले. त्या तीस घरांतल्या कुणाची बहीण नाशिकला, कुणाचा मुलगा ठाण्याला. अक्कांकडे दोनशे पानी वही आहे, तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं असतं, "तिखट कमी", "लसूण नको, चातुर्मास", "भाकरीला तीळ जास्त". भाकरी फुटू नये म्हणून दहा-दहाच्या चवडीला वरखाली पुठ्ठा लावून दोरीनं बांधतात, ही युक्ती एका गिऱ्हाईक बाईंनीच फोटो काढून शिकवली. मागच्या संक्रांतीला वहीत दोनशे अकरा नावं झाली होती आणि एकटीला कुटणं झेपेना, म्हणून घरकुलातल्या आणखी चौघींना त्यांनी सोबत घेतलं.

आता पाचजणींचा एकच नंबर असावा, त्यावरच ऑर्डरी याव्यात, असं ठरलं आहे. मोबाइल वर्गणी काढून घेतला. सिमकार्ड मात्र अजून घेतलेलं नाही. अक्कांच्या नावावर घ्यावं असं दोघी म्हणतात. अक्का म्हणतात, माझ्या नावावर नको, उद्या मी नसले आणि माझा पोरगा नंबर घेऊन गेला तर तुम्ही काय करणार? बचत गटाच्या नावावर मिळतं का, ते विचारायला एकजण दुकानात जाऊन आली, तर तिला कागदांची यादी मिळाली. या एका प्रश्नावर दोन बैठका झाल्या, भांडणंही झाली. तिसरी बैठक येत्या रविवारी आहे, दुपारी, विड्या देऊन आल्यावर.